तीन चाकांना मानवणारा घाट

घाटातला चांगला रस्ता कोणता, असं दुचाकीवाल्यांना विचारलं की ते वळणं मोजून सांगतात. इतक्या मैलांत इतकी वळणं. आकडा जितका मोठा तितका रस्ता थोर. मी स्वतः बरीच वर्षं दुचाकी चालवली, त्यामुळे ही भाषा माझ्याही तोंडी बसलेली. मग गुडघ्याने असहकार पुकारला. थांबताना जड गाडीचा तोल एका पायावर पेलणं जमेनासं झालं आणि मी तीनचाकीवर आले. पुढे दोन चाकं, मागे एक, हँडल मोटारसायकलचं. कॅन-ॲमने २००७ साली आणलेल्या स्पायडरच्या घराण्यातली गाडी. तिच्याबरोबर रस्त्यांची यादीही नव्याने करावी लागली. ती कशी केली, कुठले रस्ते गाळले आणि का गाळले, ते लिहिते आहे.

आधी गाडीचा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील. दुचाकी वळणात आत झुकते. त्यामुळे बाहेर फेकणारा जोर आणि आपलं वजन, दोन्ही मिळून सरळ सीटमध्ये उतरतात. आपल्याला कुणी आडवं ढकलतंय असं वाटत नाही. माझी तीनचाकी झुकत नाही. ती सपाट राहते आणि बाहेर फेकणारा सगळा जोर कमरेवर, खांद्यांवर येतो. ६० मीटर त्रिज्येच्या वळणातून ताशी ५० किलोमीटरने गेलं, तर आपल्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश जोर आडवा लागतो. वेग तोच ठेवून त्रिज्या १०० मीटर केली, तर तो एक पंचमांशावर येतो. एखाद्या वळणात हा फरक कळतही नाही. डावं-उजवं-डावं असं अर्धा तास चाललं, की दंड भरून येतात. त्यात दुचाकीसारखं हँडल उलट बाजूला हलकेच दाबून भागत नाही. जिकडे जायचं तिकडे ते खरोखर वळवावं लागतं, बाहेरच्या हाताने रेटून.

मागे बसणाऱ्याची तर आणखी पंचाईत, कारण धरायला हँडलही नाही. माझा नवरा मागे बसतो. पहिल्या डोंगरी फेरीनंतर त्याने हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "तू वळतेस. मी नुसता इकडून तिकडे जातो." त्यानंतर आमच्या यादीत कुठलाही रस्ता घालताना त्याच्या पाठीला नकाराधिकार आहे.

(यामाहाची निकेन किंवा पियाज्जोची एमपी३ यांसारख्या झुकणाऱ्या तीनचाकी वेगळ्या. त्यांना दुचाकीचीच मापं लावलेली चालतात. साइडकारवाल्यांचं गणित तर तिसरंच, कारण त्यांचं डावं वळण आणि उजवं वळण एकसारखं नसतं. मी लिहिते आहे ते न झुकणाऱ्या, सममित तीनचाकीबद्दल.)

वळणांच्या संख्येचं माप आपल्याला कितपत उपयोगी, हे तपासायला मी शेजारशेजारचे दोन रस्ते मुद्दाम निवडले. दोन्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसीच्या सीमेवर. पहिला 'टेल ऑफ द ड्रॅगन'. डील्स गॅपपासून सुरू होणारा यूएस १२९ या महामार्गाचा हा तुकडा, ११ मैलांत ३१८ वळणं. मैलांचे किलोमीटर करून भागाकार केला तर सरासरी ५५-५६ मीटरला एक वळण पडतं. ताशी ३० मैलांची वेगमर्यादा पाळली, तरी दर चार सेकंदांनी दिशा बदलायची. रस्ता म्हणून तो चोख आहे. मध्ये कुठे फाटा नाही, कुणाच्या घराची वाट येऊन मिळत नाही. पण दृश्य? दोन्ही बाजूंना दाट झाडी, आणि काल्डरवुड धरणाकडे जरा मोकळं होणारी एक जागा. बाकी सगळं लक्ष पुढच्या वळणावर. डोंगरात आहोत हे कानांत दडे बसले म्हणून कळलं, एवढंच. वळणांच्या कडेला छायाचित्रकार बसलेले असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीचे फोटो काढतात. त्यातल्या एका फोटोत मी दात आवळून हँडल रेटते आहे आणि मागे नवऱ्याने डोळे मिटले आहेत.

दुसरा चेरोहाला स्कायवे. हाही त्याच भागातला. रॉबिन्सव्हिलपासून टेलिको प्लेन्सपर्यंत ४३ मैल, १९९६ साली पूर्ण झालेला, सर्वांत उंच भागात ५,००० फुटांच्या बराच वर. हा रस्ता दरीच्या तळातून न जाता डोंगराच्या धारेने जातो. वळणं आहेत, पण लांब आणि फुललेली. एका वळणात शिरलं की त्यात स्थिरावायला वेळ मिळतो. हँडल एकदा लावलं की तसंच धरायचं, आणि नजर उचलून पलीकडच्या रांगा बघायच्या. ठिकठिकाणी थांबायला प्रशस्त जागा. अधेमधे पेट्रोल मात्र मिळत नाही, ते निघण्याआधीच भरून घ्यायचं. शेवटी नवऱ्याने हेल्मेट काढलं, पण तक्रार केली नाही. उलट अमुक कड्यावर बसलेला पक्षी पाहिलास का, असं विचारलं. मागे बसणाऱ्याला पक्षी दिसला म्हणजे रस्ता पास, ही आमची पहिली कसोटी तिथे ठरली.

हे दोन रस्ते पाठोपाठ केल्यावर यादीचा क्रम आपोआप लागला. आधी वळणाची त्रिज्या, मग पृष्ठभाग, मग थांबायच्या आणि वळून परत फिरायच्या जागा. निसर्ग चौथा. दिसायला हे उलटं वाटेल, कारण शोध तर निसर्गरम्य रस्त्याचाच चालला होता. पण ज्या रस्त्यावरून मान वळवता येत नाही तो निसर्गरम्य आहे, हे फक्त हवेतून फोटो काढणाऱ्याला माहीत.

त्या हवेतल्या फोटोंबद्दल माझं जरा वाकडं मत आहे. स्टेल्विओ खिंडीचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. इटलीतल्या आल्प्समधला हा रस्ता १८२० ते १८२५ या काळात बांधला, खिंडीची उंची २,७५७ मीटर, आणि प्रातो गावाच्या बाजूने चढताना क्रमांक घातलेली ४८ हेअरपिन वळणं, म्हणजे केसांच्या पिनेसारखी जवळजवळ उलटी फिरणारी. फोटोत अप्रतिम. पण त्या फोटोतलं सौंदर्य रस्त्याचं आहे, रस्त्यावरून दिसणाऱ्याचं नाही. वरून नागमोडी दिसणारी ती रेघ खाली गाडीवर बसलेल्याला म्हणजे अरुंद चढ, दगडी कठडा आणि समोरून येणारी गाडी आधी शिरणार की आपण, हा प्रश्न. इतक्या आवळलेल्या वळणात दीड मीटर रुंदीची तीनचाकी आतल्या कडेला चिकटवली तर आतल्या बाजूचं पुढचं चाक कडेच्या खडीत जातं, बाहेरून घेतली तर समोरच्याच्या पट्टीत. दुचाकीला त्याच पट्टीत वाट निवडायला मुभा असते. आम्हाला ती फारशी उरत नाही. स्टेल्विओ मी यादीतून काढला, आणि फोटो मात्र भिंतीवर ठेवला.

याउलट ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनर. फ्रान्झ वालाक या अभियंत्याने आखलेला, १९३५ साली खुला झालेला, ४८ किलोमीटरचा. हेअरपिन वळणं त्यातही ३६ आहेत, पण तो बांधलाच पर्यटकांनी गाडीतून डोंगर पाहावा म्हणून. चढ १२ टक्क्यांच्या पुढे जात नाही आणि थांबून बघायच्या जागा आखणीतच धरलेल्या. स्टेल्विओ सैन्य आणि टपाल पलीकडे नेण्याच्या काळातला, ग्रोसग्लॉकनर मोटारीच्या काळातला. रस्ता कशासाठी बांधला होता, हे शोधणं तेव्हापासून माझं पहिलं काम झालं. खेचरांच्या वाटेवर डांबर घातलेला रस्ता, खाणीचा, लष्करी, धरणाच्या बांधकामाचा आणि मुद्दाम सहलीसाठी आखलेला, या प्रत्येकाच्या वळणांचा स्वभाव वेगळा असतो. धरणाच्या कामाचे रस्ते तीनचाकीला फार मानवतात, कारण लांबलचक वाहनं वर चढवायची म्हणून वळणं मुळातच रुंद ठेवलेली असतात. शिवाय शेवटी पाणी असतं, म्हणजे दृश्याची हमी.

आता टेबलावरचं काम. मी आधी कागदी नकाशा घेते, १:५०,००० प्रमाणाचा मिळाला तर उत्तम. पडद्यावर डोंगराचा एक तुकडाच दिसतो, कागदावर अख्खी रांग दिसते आणि रस्ता तिच्याशी कसा वागतो ते कळतं. समोच्च रेषांना, म्हणजे सारखी उंची दाखवणाऱ्या रेषांना, समांतर धावणारा रस्ता डोंगराला वळसा घालत, फारशी उंची न गाठता जातो. तो रेषांना काटकोनात छेदायला लागला की सरळसोट चढ. रेषांमधलं अंतर २० मीटर उंचीचं असेल आणि नकाशावरच्या एका सेंटिमीटरमध्ये, म्हणजे प्रत्यक्षातल्या ५०० मीटरमध्ये, रस्ता दोन रेषा चढत असेल, तर चढ ८ टक्के. आमच्या गाडीला, दोन माणसं आणि सामानासकट, हा चढ मजेत जमतो. १२ च्या पुढचे तुकडे मी लाल पेन्सिलने खुणावते. चढायला नव्हे, उतरायला. युरोपातल्या मिशलिनच्या नकाशांवर हे काम आधीच केलेलं असतं. रस्त्यावर बाणाच्या टोकासारख्या खुणा असतात, एक खूण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून खडा. आणि ज्या रस्त्याला हिरवी किनार असते तो निसर्गरम्य. ती हिरवी किनार ज्याने कुणी आखली, त्याला गाडीच्या खिडकीतून बाहेर बघायची सवय होती, हे नक्की. आम्हाला तिने अजून फसवलेलं नाही.

मग मोबाइल. कुर्विगर, कॅलिमोटो अशी ॲप दोन गावांमधला वळणावळणाचा मार्ग काढून देतात. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून भरलेल्या नकाशाच्या माहितीवरून जगभरच्या रस्त्यांची वळणं मोजून रंगवलेले नकाशेही आहेत. ही सगळी साधनं वळणप्रेमी दुचाकीवाल्यांनी दुचाकीवाल्यांसाठी बनवलेली. वळण जितकं आवळलेलं तितके गुण जास्त. मी ती उलटी वापरते. ज्या रस्त्याला सर्वांत भडक रंग तो बाजूला, ज्याला काहीच रंग नाही तोही बाजूला, आणि मधल्या रंगाचे रस्ते तपासायला घ्यायचे. कुर्विगरमध्ये वळणदारपणाच्या पायऱ्या आहेत. सर्वांत वरची पायरी निवडली की ते ॲप शेतातल्या बोळांतूनही घेऊन जायला कमी करत नाही. मी एक पायरी खाली थांबते.

शंका असेल तिथे त्रिज्या स्वतः काढते. शाळेतली भूमिती पुरते. उपग्रहचित्रावर वळणाच्या दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेघ, म्हणजे जीवा, मोजायची. तिच्या मध्यापासून वळणाच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजायचं. जीवेच्या वर्गाला त्या अंतराच्या आठपटीने भागायचं आणि त्यात त्या अंतराचा अर्धा भाग मिळवायचा. जीवा ४० मीटर आणि ते अंतर ४ मीटर भरलं, तर ५० अधिक २, म्हणजे त्रिज्या ५२ मीटर. जीवा ८० आणि अंतर ८ भरलं तर १०४. पन्नाशीच्या आतली वळणं एखाद-दुसरी असतील तर काही बिघडत नाही, त्यांचीच माळ असेल तर नको. लांब वळण असेल तर दोन्ही अर्ध्या भागांची त्रिज्या वेगवेगळी काढते. शिरताना ९० आणि निघताना ४५ असं निघालं, तर ते वळण पुढे आवळत जाणारं. असली वळणं डोंगरात जागोजागी असतात. तीनचाकीवर मध्येच जास्त झुकून निभावता येत नाही, शिरण्याआधीच वेग उतरवावा लागतो. ती मी नकाशावर फुलीने दाखवते आणि नवरा मागून आठवण करतो, "पुढचं फुलीचं."

उंचीच्या आलेखाबद्दल मात्र सावध. बहुतेक ॲप मार्गाखाली चढ-उताराचा आलेख दाखवतात आणि त्यात कधी कधी ३० टक्क्यांचे सुळके निघतात. प्रत्यक्षात तिथे बोगदा असतो. ॲपला उंची जमिनीच्या पृष्ठभागाची माहीत असते, त्यामुळे डोंगराच्या पोटातून जाणारा रस्ता आलेखात माथ्यावर चढून पुन्हा उतरतो. पुलाचं उलट, रस्ता दरीत कोसळल्यासारखा दिसतो. ही उंचीची माहिती बऱ्याच ठिकाणी फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर अवकाशयानाने ११ दिवस रडार फिरवून केलेल्या मोजणीतून आलेली आहे. तिची जाळी ३० मीटरची किंवा ९० मीटरची. कड्यात कोरलेल्या रस्त्याच्या त्या एका चौकटीत वरचा कडाही येतो आणि खालची दरीही. म्हणून आलेख करवतीच्या दात्यांसारखा होतो. अमेरिकेतल्या ब्लू रिज पार्कवे या रस्त्यावर २६ बोगदे आहेत. तिथे आलेखावर विश्वास ठेवला असता, तर आम्ही त्या रस्त्याच्या वाटेलाच गेलो नसतो.

आणि तो तर तीनचाकीसाठी बांधल्यासारखाच रस्ता. ४६९ मैल, बांधकाम १९३५ मध्ये सुरू झालं आणि शेवटचा तुकडा १९८७ मध्ये जोडला गेला. मालवाहू ट्रकना बंदी, वेगमर्यादा जास्तीत जास्त ताशी ४५ मैल, आणि सर्वांत उंच जागा ६,०५३ फुटांवर. मागून कुणी दिवे मारत येत नाही. अर्थात एवढा लांब रस्ता सलग खुला सापडणं हे नशिबाचं काम. हिवाळ्यात उंचावरचे भाग बंद होतात, आणि सप्टेंबर २०२४ मधल्या हेलीन चक्रीवादळाने त्याचे मोठे पट्टे उद्ध्वस्त केले. त्यामुळे राष्ट्रीय उद्यान विभागाचा रस्तास्थितीचा नकाशा त्या दिवशी सकाळी पाहायचा, आदल्या आठवड्यातला चालत नाही.

पृष्ठभागाचं प्रकरण दुचाकीवरून आलेल्यांना सर्वांत नवीन असतं. दुचाकी रस्त्यावर एकच रेघ ओढते. खड्डा आला, बाजूने गेलो. तीनचाकी तीन रेघा ओढते. पुढची दोन चाकं खड्ड्याच्या दोन बाजूंनी नेली, तर मागचं नेमकं खड्ड्यात. मोटारींची चाकं जिथून जातात तिथलं डांबर झाडल्यासारखं स्वच्छ राहतं, आणि पट्टीच्या मधोमध तेलाचे थेंब, बारीक खडी, पाला साचतो. माझं मागचं चाक, म्हणजे ताकद लावणारं चाक, सतत त्या मधल्या घाणीवरून चालतं. ज्यांच्या तीनचाकीला पुढे एक आणि मागे दोन चाकं असतात, उदाहरणार्थ हार्लेची ट्राय ग्लाइड, त्यांचं दिशा देणारं चाक तिथून चालतं. दोघांपैकी कुणाचं बरं, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. म्हणून एका गाडीपुरते अरुंद रस्ते, जिथे दोन चाकोऱ्या स्वच्छ असतात आणि मधल्या पट्ट्यात गवत उगवलेलं असतं, ते कितीही सुंदर असोत, मी सोडून देते. मोटारीला ते चालतात, दुचाकीला चालतात. आम्हीच तेवढे मधोमध गवतावर.

ओपनस्ट्रीटमॅपवर रस्त्याच्या पृष्ठभागाची आणि गुळगुळीतपणाची नोंद असते, पण ती कुणी केव्हा केली यावर सगळं अवलंबून. त्यापेक्षा रस्त्याच्या पातळीवरचे फोटो बरे. ते पाहताना मी आधी कोपऱ्यातली तारीख पाहते, मग तीन गोष्टी: पट्टीच्या मध्यावर रंग बदललेला आहे का, भेगांमध्ये ओतलेल्या डांबराच्या काळ्या रेघा किती आहेत, आणि डांबराच्या कडेला किती उंचीची पायरी आहे. काळ्या रेघा उन्हात मऊ होऊन निसरड्या होतात, आणि एकाच वेळी तीन चाकांखाली तीन वेगळ्या रेघा आल्या की गाडी क्षणभर विचारात पडते. कडेच्या पायरीवरून पुढचं एक चाक खाली गेलं तर हँडल हातातून हिसकलं जातं. फोटोत चाकोऱ्या खोल गेलेल्या दिसल्या, तर पावसाळी दिवशी तो रस्ता नको. आमच्या गाडीचे पुढचे टायर मोटारीसारखे रुंद आणि वर वजन मोटारीच्या मानाने फारच कमी, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर ती दुचाकीपेक्षा लवकर तरंगते.

माणसांना विचारायचं तर कुणाला? मी दुचाकीवाल्यांना विचारणं हळूहळू बंद केलं आणि सायकलवाल्यांना विचारू लागले. सायकलवाला रस्ता ताशी १० किलोमीटरने चढलेला असतो. प्रत्येक भेग, प्रत्येक जाळी, कुठल्या वळणावर झऱ्याचं पाणी रस्त्यावर येतं, कुठे दुपारनंतर सावली पडून शेवाळ धरतं, हे त्याला पायांनी पाठ असतं. एका घाटाच्या तोंडाशी पाणी पीत बसलेल्या बाईंना मी विचारलं, पुढे कसं आहे? त्या म्हणाल्या, "वरच्या चार वळणांत नवीन खडी टाकली आहे, डांबर अजून बसलेलं नाही. पण पलीकडून चढलात तर ती वळणं तुम्हाला चढावर लागतील." इतका नेमका सल्ला मला कुठल्याही ॲपने दिलेला नाही. आम्ही उलट बाजूने गेलो.

दिशेचा विचार तसाही करायचाच असतो. आवळलेली वळणं चढताना सोपी, उतरताना अवघड. त्यामुळे खिंडीची जी बाजू तिखट, तिकडून चढायचं आणि मोकळ्या बाजूने उतरायचं. दुसरं, आपली पट्टी दरीकडे आहे की डोंगराकडे. दरीकडची असेल तर दृश्य आपलं आणि थांबायच्या जागाही आपल्याच बाजूला, रस्ता ओलांडावा लागत नाही. कठड्याची भीती वाटणाऱ्यांनी अर्थात उलट करावं. तिसरं, ऊन. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून घाट उतरणं म्हणजे प्रत्येक दुसऱ्या वळणाला आंधळं होणं. या तिन्हींचं उत्तर एकच येईल असा रस्ता क्वचितच असतो. माझ्या लेखी ऊन पहिलं, चढ-उतार दुसरा, दरी तिसरी. नवऱ्याचा क्रम बरोबर उलटा आहे.

थांबायच्या जागांबद्दल तीनचाकीवाल्यांनी एक विशेष पाहावं. आम्हाला थांबायला सपाटी लागत नाही, पाय टेकवायचा नसतो, पार्किंग ब्रेक लावला की उतारावरही गाडी उभी. हे सुख दुचाकीवर नव्हतं. पण निघायचं कसं? कठड्याला नाक लावून उतारावर उभी केलेली गाडी ढकलत मागे घेणं दोघांच्याही आवाक्याबाहेरचं. माझ्या गाडीला रिव्हर्स गियर आहे, ज्यांच्या गाडीला नाही त्यांनी थांबतानाच तोंड बाहेर ठेवावं. आणि रस्ता मध्येच बंद निघाला तर? सहा मीटर रुंद रस्त्यावर आम्हाला एका दमात वळता येत नाही, पुढे-मागे करावं लागतं आणि तेही वळणाच्या आड नको. म्हणून दर पाच-सात किलोमीटरला कुठे वळता येईल, त्या जागा मी उपग्रहचित्रावर आधीच हेरून ठेवते. नव्या रस्त्यांवर सर्वांत जास्त वापर झाला तो याच खुणांचा.

सध्या टेबलावर बेअरटूथ महामार्ग पसरलेला आहे. यूएस २१२, मोंटाना आणि वायोमिंगच्या सीमेवरचा, १९३६ साली खुला झालेला, खिंड १०,९४७ फुटांवर. मी रेड लॉज गावाकडच्या बाजूची वळणं मोजली आहेत. हेअरपिन आहेत, पण ऐसपैस, आणि माथ्यावरचं पठार तर लांबच लांब, झाडं संपल्यावरचं, चहूकडे उघडं. चढ मानवणारा आहे. अडचण हवेची. हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे खाली वीस अंश असले तर वर दहाच्या आत, आणि न झुकणाऱ्या गाडीवर आडवा वारा लागला की तीही ओढायला लागते. रस्ता साधारण मेअखेरीला उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्याला बंद होतो. नवऱ्याला जून हवा आहे, कडेला बर्फाच्या भिंती असतात म्हणून. मला सप्टेंबरची सुरुवात हवी आहे, कारण बर्फाच्या भिंती वितळतात तेव्हा ते पाणी रस्त्यावरूनच वाहतं, रात्री गोठतं, आणि सकाळी आमच्या तीन रेघांपैकी एक तरी त्यावरून जाणारच. चढायचं रेड लॉजकडून आणि सकाळी, यावर मात्र एकमत झालं आहे, म्हणजे ऊन पाठीशी राहील.